गाडी कंपनीत टाकावी की गॅरेजला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गाडी कंपनीत टाकली’ म्हणजे ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली आणि ‘बाहेर टाकली’ म्हणजे ओळखीच्या मेकॅनिककडे दिली, असा आपल्याकडचा सर्रास अर्थ आहे. वास्तविक ज्याला आपण ‘कंपनी’ म्हणतो ते सेंटर बहुधा एखाद्या डीलरच्या मालकीचे असते, तिथे काम करणारा मुलगा वर्षभरापूर्वी बाहेरच्या गॅरेजात शिकत असण्याची शक्यता असते, आणि बाहेरचा मिस्त्रीही पुष्कळदा कंपनीतच दहा वर्षे काढून आलेला असतो. त्यामुळे जागा एकदाच ठरवून मोकळे होण्यापेक्षा प्रत्येक काम कोणाकडे द्यायचे हे वेगळे ठरवावे, असे माझे मत आहे आणि खालील उत्तरे त्याच मताने लिहिली आहेत.

वॉरंटी चालू असताना बाहेर काम केले तर वॉरंटी रद्द होते का?

सरसकट रद्द होऊ नये, अशी अपेक्षा भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ सालीच व्यक्त केली आहे. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याच्या तक्रारीवर आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ‘बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी संपली’ अशी सरसकट अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असेही त्या आदेशात म्हटले होते. कंपन्यांनी त्यावर अपिले केली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला.

तत्त्व असे असले तरी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर वाद घालण्याची वेळ येते तेव्हा चित्र वेगळे असते. इंजिनमध्ये बिघाड झाला आणि मधली एक सर्व्हिसिंग बाहेर झालेली असेल, तर कोणते ऑइल घातले, कोणता फिल्टर लावला, हे दाखवण्याची जबाबदारी व्यवहारात गाडीमालकावरच येऊन पडते. आयोगाच्या आदेशाची प्रत दाखवून कोणी टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा महागडा भाग, फुकट बदलून दिल्याचे मी पाहिलेले नाही. म्हणून वॉरंटीच्या काळात ठरलेल्या सर्व सर्व्हिसिंग वेळेवर, किलोमीटर किंवा महिने यांपैकी जे आधी भरेल त्याप्रमाणे, अधिकृत सेंटरलाच कराव्यात. या काळात गाडी नवी असल्याने बाहेर जाऊन वाचणारी रक्कम किरकोळ असते आणि पणाला लागणारी रक्कम मोठी असते. टायर, अलाइनमेंट, बॅटरी, वायपर, बाहेरची धुलाई ही कामे मात्र वॉरंटीतही खुशाल बाहेर करावीत, कारण टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्यांचे उत्पादक स्वतंत्रपणे देतात.

‘फ्री सर्व्हिस’ खरोखर फुकट असते का?

मजुरी माफ असते. ऑइल, फिल्टर आणि इतर खपाच्या वस्तूंचे पैसे द्यावे लागतात. मारुतीच्या गाड्यांना १,०००, ५,००० आणि १०,००० किलोमीटरला अशा तीन मोफत सर्व्हिस मिळतात. त्यांपैकी पहिल्या दोन म्हणजे मुख्यतः तपासणीच असते, त्यामुळे तिथे चार हजारांचे बिल समोर आले तर त्यातली प्रत्येक ओळ थांबून वाचावी.

दोन्हीकडच्या बिलांत एवढा फरक कशामुळे पडतो?

लोक हा फरक ‘शोरूमच्या एसीचे भाडे’ म्हणून मोडीत काढतात. त्यात तथ्य असले तरी खरे कारण कामाच्या पद्धतीत आहे. अधिकृत सेंटरमध्ये प्रत्येक कामाला ठरावीक तास लावलेले असतात आणि मजुरी त्या तासांवर आकारली जाते, मग काम प्रत्यक्षात अर्ध्या वेळेत उरकले तरी. त्याहून मोठा फरक पार्टमध्ये पडतो. कंपनी बहुतेक ठिकाणी आख्खी असेंब्ली बदलते आणि बाहेरचा मिस्त्री तिच्यातला बिघडलेला तुकडा बदलतो. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचा बुश, म्हणजे त्यातला रबरी सांधा, गेला तर कंपनीत बुशसकट आख्खा आर्म बदलला जाईल, बाहेर जुना बुश प्रेसवर काढून नवा बसवला जाईल. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काम करीत नसेल तर कंपनी नवा अल्टरनेटर सुचवेल, आणि वायरिंगवाला तो उघडून कार्बन ब्रश, बेअरिंग किंवा रेक्टिफायर प्लेट बदलून देईल. अशा कामात खर्च कधी कधी एक पंचमांशावर येतो.

कंपनीची ही पद्धत निव्वळ लुबाडणूक नसते. आख्खी असेंब्ली बदलल्यावर सेंटर त्या कामाची हमी देऊ शकते. प्रेसवर बसवलेला बुश मूळ आर्मइतका टिकेलच असे नाही आणि तो तिरका बसला तर टायर एका बाजूने खाल्ला जातो. गाडी आणखी दीड वर्ष वापरून विकायची असेल तर बुश पुरतो. दहा वर्षे ठेवायची असेल तर आर्म बदललेला बरा.

कर मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मजुरीवर तो १८ टक्के आहेच. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे गॅरेजवाला म्हणतो तेव्हा तो याच १८ टक्क्यांबद्दल बोलत असतो, आणि ती रक्कम वाचवताना आपण हाती राहणारा एकमेव पुरावा सोडून देतो.

सर्व्हिस ॲडव्हायझर सुचवतो ती जादा कामे करावीत का?

इंजिन डिकार्बनायझेशन, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, रोडंट ट्रीटमेंट अशी यादी बहुतेकांनी ऐकलेली असते. ॲडव्हायझरला या कामांचे मासिक लक्ष्य असू शकते, हे लक्षात घेऊन त्याच्यावर न रागावता एकच प्रश्न विचारावा: हे काम ओनर्स मॅन्युअलमधल्या देखभालीच्या तक्त्यात कोणत्या किलोमीटरला सांगितले आहे? तक्त्यात नसेल आणि गाडीला तशी तक्रारही नसेल, तर ते काम टाळावे. कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी गंजरोधक कोटिंगचा विचार अवश्य करावा, मात्र त्यासाठीही अधिकृत सेंटर हाच एकमेव पर्याय नाही.

याउलट तक्त्यात असूनही दोन्हीकडे विसरली जाणारी कामे आहेत. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. लांबच्या घाटउतारावर ब्रेक तापल्यावर पेडल मऊ लागते, त्याचे हे एक कारण असते. बहुतेक गाड्यांत ते साधारण दोन वर्षांनी बदलण्यास सांगितलेले असते, तरी पाच वर्षांच्या गाडीत पहिलेच फ्लुइड काळे पडलेले सापडते. कूलंट आणि गिअर ऑइल यांचीही तीच गत आहे. चकचकीत टेफ्लॉनला पैसे देणारा मालक आठशे रुपयांच्या ब्रेक फ्लुइडला ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतो, हे मला नेहमीच अजब वाटत आले आहे.

रोगनिदानात कोण वरचढ ठरतो?

अधिकृत सेंटरकडे त्या कंपनीचा स्वतःचा स्कॅनर, वायरिंगचे नकाशे आणि सॉफ्टवेअर अपडेट असतात, म्हणून इलेक्ट्रॉनिक बिघाडात त्यांची बाजू भक्कम असते. तथापि स्कॅनर एरर कोड दाखवतो, कारण दाखवत नाही. माझ्या स्वतःच्या डिझेल गाडीचा पिकअप गेला आणि चेक इंजिनचा दिवा लागला, तेव्हा एका अधिकृत सेंटरने बूस्ट प्रेशर कमी असल्याचा कोड वाचून टर्बो बदलण्याचे एस्टिमेट दिले. बाहेरच्या मिस्त्रीने गाडी चालू ठेवून एकाला ॲक्सिलरेटर दाबायला लावले, होजवरून हात फिरवला आणि इंटरकूलरच्या पाइपला खालच्या बाजूने पडलेली चीर बोटाने दाखवली. पाइप बदलला आणि दिवा विझला.

ही गोष्ट सांगून झाल्यावर दुसरीही सांगणे भाग आहे. त्याच गाडीचे ऑइल एकदा दुसऱ्या गॅरेजात बदलले, तिथल्या पोऱ्याने ड्रेन प्लग अंगातली सगळी ताकद लावून आवळला आणि सम्पचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे, आटे गेले. पुढच्या महिनाभर पार्किंगमध्ये ऑइलचे थेंब मोजत होतो आणि शेवटी सम्पच बदलावा लागला. तेव्हापासून गॅरेजात गेल्यावर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, भिंतीवर टांगलेला दिसतो का, आणि त्याच्यावर धूळ आहे का, हे मी आधी पाहतो.

गॅरेजवाल्याने ओरिजिनल पार्ट टाकला हे कसे ओळखावे?

‘ओरिजिनल’ या शब्दाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, कारकंपनीच्या नावाच्या डब्यात येणारी. दुसरी, तोच भाग कारकंपनीला पुरवणाऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाच्या डब्यात विकलेली. चाकणला कारखाना असलेल्या गॅब्रिएलचे शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॉशचे फिल्टर आणि इंजेक्टर यांची उदाहरणे देता येतील. तिसरी, या दोघांच्या डब्याची नक्कल केलेली. दुसऱ्या प्रकारात खरी बचत आहे आणि तिथे गुणवत्तेत सहसा तडजोड होत नाही. तिसऱ्या प्रकारातले ऑइल फिल्टर आणि ब्रेक पॅड जिवावर बेतू शकतात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पार्ट स्वतः विकत घेणे. अनेक कंपन्यांच्या डीलरकडे सुट्या भागांचे काउंटर असते आणि ते गाडीचा चॅसिस नंबर पाहून नेमका पार्ट देतात. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाण्याचा उत्साह असेल तर भाव कमी मिळेल, पण पार्ट नंबर लिहून न नेता गेल्यास फसगतही तितकीच सोपी आहे. इंजिन ऑइलचा सीलबंद कॅन स्वतः न्यावा, तो समोर फोडून घ्यावा आणि रिकामा कॅन परत आणावा किंवा भोक पाडून टाकावा, कारण रिकाम्या कॅनलाही गिऱ्हाईक असते. ऑइलची ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच हवी. नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० सारखे पातळ ऑइल सांगितलेले असताना ‘आपल्याकडच्या उन्हाला जाडच बरे’ या सल्ल्याने घट्ट ऑइल घालणे म्हणजे इंजिनच्या अभियंत्यापेक्षा आपल्याला अधिक समजते असे धरून चालणे होय.

काही गॅरेजवाले बाहेरून आणलेला पार्ट बसवायला नाखूश असतात, कारण त्यांचा नफा पार्टवरच असतो. अशा वेळी मजुरी थोडी जास्त देण्याची तयारी आधीच सांगितली तर बोलणे सुरळीत होते.

कोणती कामे बाहेर देऊच नयेत?

रिकॉलचे काम, म्हणजे उत्पादनातल्या दोषामुळे कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांचे काम, अधिकृत सेंटरलाच आणि विनामूल्य होते. गाडी जुनी असली, तुम्ही दुसरे किंवा तिसरे मालक असलात, तरी चॅसिस नंबर देऊन आपल्या गाडीवर एखादे रिकॉल बाकी आहे का, हे विचारून घ्यावे. एअरबॅग, धडकेच्या क्षणी सीटबेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर, चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची चावी आणि इंजिन कंट्रोल युनिटचे प्रोग्रॅमिंग हीदेखील तिकडचीच कामे आहेत. ज्या गाड्यांच्या पुढच्या काचेमागे ड्रायव्हरला साह्य करणारा कॅमेरा असतो, त्यांची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करावे लागते. काच बसवून देणारा प्रत्येक दुकानदार ते करू शकत नाही.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलमधून जीवघेण्या दाबाची वीज वाहते, त्यामुळे त्या केबलला प्रशिक्षण नसलेल्या माणसाचा हात लागता कामा नये. शिवाय अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, ती गमावणे परवडणारे नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. रोज चार किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीत तो चोंदतो आणि मग एखादा मिस्त्री तो कापून काढण्याचा, सॉफ्टवेअरमधून दिवा बंद करण्याचा ‘कायमचा इलाज’ सुचवतो. हे प्रदूषणाच्या नियमांविरुद्ध आहे. दिवा लागताच मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे महामार्गावर सलग एका वेगाने गाडी चालवल्यास काजळी बहुतेक वेळा जळून जाते. तुमचा सगळा वापर गल्लीतलाच असेल तर दोष गॅरेजचा नाही आणि कंपनीचाही नाही. डिझेल गाडी घेण्याचा निर्णयच चुकला होता.

अपघातानंतर गाडी कुठे न्यावी?

नुकसान मोठे असेल तर विमा कंपनीच्या कॅशलेस यादीतल्या ठिकाणी न्यावी, आणि ते ठिकाण पुष्कळदा अधिकृत सेंटरच असते. विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाण्यापूर्वी गाडी उघडू देऊ नये. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर यांच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो. झिरो डेप्रिसिएशन कव्हर असेल तर ही कपात होत नाही. ज्यांच्याकडे ते कव्हर नाही त्यांना ‘विमा आहे ना, मग काळजी कसली’ हे वाक्य बिलाच्या दिवशी महागात पडते.

बंपरला खरचटले, दाराला पोचा आला, एवढ्यासाठी मात्र क्लेम करण्याआधी वहीत आकडे मांडावेत. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि तुम्हाला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मिळत असल्याने तुम्ही ५,००० भरता. एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुढच्या वर्षांत तो २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी पुन्हा ५० वर जातो. मूळ हप्ता तोच धरला तर पाच वर्षांत तुम्ही अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, म्हणजे एकूण १२,५०० रुपये जादा भरता. शिवाय क्लेमच्या वेळी किमान १,००० रुपये स्वतःच्या खिशातून जातातच. बोनस वाचवणारे जोडकव्हर घेतले नसेल, तर सहा हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी बाहेरचा चांगला पेंटर हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. त्याच्याकडे रंग जुळवण्याची सोय आणि बंदिस्त बूथ आहे का, हे पाहावे. रस्त्याकडेला मारलेल्या रंगात धूळ बसते आणि ती पहिल्याच पॉलिशला दिसते.

पावसात गाडी पाण्यात बुडाली तर?

प्रथम कोणाकडेही नेण्याची घाई करू नये आणि पाणी ओसरल्यावर चावी मुळीच फिरवू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारताच पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बंद गाडीत शिरलेल्या पाण्याचे नुकसान विम्यात बसते, पण बुडालेली गाडी चालू केल्याने झालेले इंजिनचे नुकसान इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसल्यास विमा कंपन्या नाकारतात. फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलून न्यायला सांगावे, चाके फिरवत ओढून नको. क्लेम असेल तर अधिकृत सेंटर बरे. क्लेम नसलेल्या जुन्या गाडीसाठी सीट आणि कार्पेट उतरवून, प्रत्येक कपलर उघडून वाळवणारा चिवट वायरिंगवाला अधिक उपयोगाचा ठरतो.

कंपनीनेच भारतातली विक्री बंद केली असेल तर?

शेवरोलेची विक्री २०१७ अखेर थांबली, त्यांच्या तळेगावच्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. अशा गाडीमालकांसाठी त्या ब्रँडवर वर्षानुवर्षे हात बसलेला मिस्त्री हाच खरा आधार आहे, कारण कोणता भाग कोणत्या दुसऱ्या गाडीचा चालतो हे त्याला तोंडपाठ असते. फियाटचे मालक यात नशीबवान म्हणायचे. पूर्वी रांजणगावला तयार होणारे त्यांचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन वेगवेगळ्या नावांनी स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टामध्येही होते, त्यामुळे ते उघडणारे हात गावोगाव आहेत.

चांगले गॅरेज शोधायचे कसे?

टुरिस्ट गाडी चालवणाऱ्याला विचारावे. त्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचा रोज बुडतो, म्हणून तो हौसेने किंवा भिडेखातर गॅरेज निवडत नाही. आपलेच मॉडेल तिथे किती उभे आहे ते पाहावे. एकाच कंपनीच्या गाड्यांची गर्दी असेल तर त्याचा हात त्या इंजिनावर बसलेला आहे असे समजावे. पहिल्याच भेटीत क्लच उतरवायला सांगू नये. ऑइल बदलणे किंवा ब्रेक साफ करणे असे छोटे काम द्यावे, ते चालू असताना तिथे थांबावे आणि काढलेला पार्ट मागून घ्यावा. जो न मागता जुना पार्ट कागदात गुंडाळून डिकीत ठेवतो, त्याला धरून राहावे. ‘हे आपल्याकडे होणार नाही दादा, कंपनीत न्या’ असे सांगणारा मेकॅनिक मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

मल्टिब्रँड साखळ्या हा मधला मार्ग आहे का?

बॉश कार सर्व्हिस किंवा मायटीव्हीएस यांसारख्या ठिकाणी जॉब कार्ड, पक्के बिल आणि बरे स्कॅनर मिळतात. परंतु पाटी साखळीची असली तरी अनेक ठिकाणी चालवणारा स्थानिक मालक असतो, म्हणून वरच्या उत्तरातली पारख इथेही करावी.

गाडी विकताना कंपनीच्या नोंदींमुळे किंमत वाढते का?

पहिल्या चार-पाच वर्षांत विकल्यास वाढते, कारण किलोमीटर मागे फिरवलेले नाहीत हे त्या नोंदींवरून सिद्ध होते. त्यापुढे घेणारा माणूस आपला मेकॅनिक सोबत आणतो आणि नोंदींपेक्षा इंजिनच्या आवाजावर भाव ठरवतो. बाहेरची बिले तारीख आणि किलोमीटरसह एका फाइलला लावून ठेवली असतील तर तीही पुरतात.

काम बिघडले तर दाद कुठे मागावी?

प्रथम त्या ठिकाणाच्या मालकाला किंवा कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने लेखी कळवावे. फोनवरच्या वादाला पुढे काही किंमत राहत नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथेही निपटारा झाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तिथे शुल्क लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ पैसे घेऊन सेवा देणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे, मग तो काचेच्या शोरूमवाला असो की पत्र्याच्या शेडमधला. मात्र शेडवाल्याविरुद्ध तक्रार करताना हातात बिल, कामाआधीचे एस्टिमेट आणि काढलेला पार्ट असावा लागतो, म्हणून दुसरीकडे पुन्हा काम करून घेताना आधी बसवलेला सदोष पार्ट भंगारात जाऊ न देता गाडीचा नंबर आणि तारीख लिहून पिशवीत जपून ठेवावा.